दिवा मालवल्यावर

मुलांनो, रात्री अंथरुणावर पडल्यापासून झोप लागेपर्यंत जी पाच-दहा मिनिटं मिळतात, त्यांचं तुम्ही काय करता? कुणी भावंडांशी पांघरुणाची ओढाओढ करतं. कुणी गोष्टीसाठी आजीच्या मागे लागतं. कुणी आईच्या मोबाइलवर डोळा ठेवून असतं. आणि कधीकधी काय होतं, ठाऊक आहे? दिवसभरातलं भांडणच डोळ्यांपुढे येतं. तो मला असं म्हणाला, मग मी तसं म्हणायला हवं होतं, मग तो गप्पच बसला असता... की उडाली झोप!

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोम शहरात सेनेका नावाचा एक मोठा लेखक राहत होता. त्याने या पाच-दहा मिनिटांचा फार छान उपयोग करून घेतला होता. रात्री खोलीतला दिवा नेला, की तो पडल्या पडल्या अख्खा दिवस पुन्हा तपासून बघायचा. आज कुणाला भेटलो, काय बोललो, कशावरून चिडलो. काही लपवायचं नाही, काही गाळायचं नाही. त्याच्या बायकोला ही सवय माहीत होती. त्यामुळे दिवा गेला की तीही बोलायचं थांबायची. सेनेकाने हे बारीकसं सुद्धा लिहून ठेवलंय, याचं मला कौतुक वाटतं. घरातल्या कुणीतरी पाच मिनिटं शांतता दिल्याशिवाय असली कामं होत नाहीत!

ही युक्ती त्याची स्वतःची नव्हती, बरं का. सेक्स्टियस नावाचा एक विचारवंत त्याच्या आधी होऊन गेला, त्याच्याकडून ती त्याने घेतली. सेक्स्टियस रोज रात्री स्वतःला तीन गोष्टी विचारत असे. आपल्या कोणत्या खोडीवर आज औषध सापडलं, कोणत्या वाईट सवयीला आपण दाद दिली नाही आणि कोणत्या बाबतीत आपण जरा बरे झालो. आता हे तिन्ही प्रश्न नीट बघा. ‘आज किती चुका केल्यास, सांग!’ असा त्यात एकही प्रश्न नाही. मी रोज पस्तीस वह्या तपासते, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. लाल शाईने गोळे करणारा मास्तर इथे नाहीच. बरी झालेली जागा शोधणारा डॉक्टर आहे.

सेनेका रात्री काय काय तपासायचा, याचे त्याने नमुनेही दिले आहेत. वाद घालताना आपण फार तावातावाने बोललो. एकाला त्याचा दोष दाखवला खरा, पण इतक्या फटकळपणे, की तो सुधारला नाहीच, उलट दुखावला. जेवणाच्या पंगतीत मानाची जागा मिळाली नाही म्हणून यजमानावर मनातल्या मनात चिडलो. वाचताना हसू येतं की नाही? आमच्या वर्गात पहिल्या बाकावरून रोज जे होतं, तेच रोमच्या श्रीमंतांच्या घरीही होत होतं!

एवढं झाल्यावर तो काय करायचा? स्वतःला बडवायचा? मुळीच नाही. तो म्हणतो, ही माझीच कचेरी आणि मीच तिथला न्यायाधीश. पुन्हा असं करू नकोस एवढं बजावायचं आणि या खेपेला स्वतःला माफ करून टाकायचं. मग शांत झोप. आणखी एक गंमत त्याने सांगितली आहे. रोज रात्री आपल्याला न्यायाधीशापुढे उभं राहायचंय, हे रागाला एकदा कळलं, की तो दिवसाच जरा नरमतो. हे मात्र मला शिकवून ठाऊक होतं. उद्या बाई गृहपाठ बघणार आहेत म्हटल्यावर वहीतलं अक्षर आपोआप सुधारतं!

सेनेका ज्या विचाराचा होता, त्याला स्टोइक विचार म्हणतात. नाव अवघड वाटतं, पण त्याचा अर्थ अगदी घरगुती आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ग्रीस देशातल्या अथेन्स शहरात झेनो नावाचा एक माणूस शिकवू लागला. तो मूळचा सायप्रस बेटावरचा व्यापारी. जहाज फुटून त्याचा माल बुडाला आणि त्यानंतर तो अथेन्समध्ये तत्त्वज्ञानाकडे वळला, अशी गोष्ट सांगतात. शिकवायला त्याच्याकडे स्वतःची इमारत नव्हती. बाजाराच्या चौकाला लागून एक खांबांची लांबलचक ओसरी होती, तिच्यावर चित्रं रंगवलेली होती. तिथे तो शिकवायचा. ओसरीला ग्रीक भाषेत स्टोआ म्हणतात. म्हणून हे स्टोइक, म्हणजे ओसरीवाले! आमच्या शाळेचा एक वर्ग कित्येक वर्षं व्हरांड्यात भरत असे. तेव्हा ही माणसं मला एकदम ओळखीची वाटली.

या ओसरीवाल्यांमधला माझा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे एपिक्टेटस. तो गुलाम होता. आजच्या तुर्कस्तानात हिएरापोलिस नावाचं गाव होतं, तिथला. पायाने लंगडा. पुढे त्याची गुलामीतून सुटका झाली आणि त्याने ग्रीसमधल्या निकोपोलिस या गावी शाळा काढली. त्याने स्वतः एक ओळही लिहिलेली नाही. अरियन नावाच्या विद्यार्थ्याने वर्गात बसून टिपणं घेतली, ती आपल्यापर्यंत आली. (वर्गात टिपणं घेणाऱ्यांनो, बघा!)

एपिक्टेटसचं सांगणं एका दमात सांगता येतं. जगातल्या काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपण काय ठरवतो, कसं वागतो, एखाद्या गोष्टीकडे कसं बघतो, हे हातात. दुसरा काय म्हणतो, आजार येतो की नाही, नशिबात पैसा आहे की नाही, हे पूर्णपणे हातात नाही. रडायचं कशासाठी आणि झटायचं कशासाठी, हे ज्याला रोज ओळखता आलं तो मोकळा. हे सांगणारा माणूस एके काळी दुसऱ्याच्या मालकीचा होता, एवढं लक्षात ठेवा.

त्याच्या घरात एक लोखंडी दिवा होता. एके दिवशी खिडकीशी खुडबुड ऐकू आली म्हणून तो धावत गेला, तर दिवा चोरीला गेलेला! त्याने काय केलं असेल? उद्या मातीचा आणू, असं स्वतःला सांगितलं आणि विषय संपवला. पण या मातीच्या दिव्याची पुढची कथा आणखी मजेशीर आहे. एपिक्टेटस वारल्यावर कुणा हौशी माणसाने त्याचा मातीचा दिवा ३,००० द्राख्मा मोजून विकत घेतला. द्राख्मा म्हणजे तिथलं चांदीचं नाणं. त्या दिव्याच्या उजेडात वाचलं की आपल्यालाही आपोआप शहाणपण येईल, असं त्याला वाटलं! लुशियन नावाच्या लेखकाने या माणसाची भरपूर थट्टा केली आहे. नवं दप्तर आणलं की अभ्यास होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट जपून ठेवावी.

तिसरा ओसरीवाला चक्क रोमचा सम्राट होता. मार्कस ऑरेलियस. इ. स. १६१ ते १८० पर्यंत त्याने राज्य केलं. त्याच्या काळात, १६५ च्या सुमारास, मोठी साथ आली आणि ती वर्षानुवर्षं हटली नाही. सरहद्दीवर लढाया होत्या. त्याची कितीतरी मुलं लहानपणीच गेली. अशा दिवसांत हा सम्राट स्वतःसाठी ग्रीक भाषेत टिपणं लिहीत होता. एका भागावर कार्नुन्टम या छावणीचं नाव आहे, ती जागा आज ऑस्ट्रिया देशात येते. कुणाला दाखवायची म्हणून ही वही नव्हतीच. सकाळी अंथरुणातून उठवत नाही, याबद्दल तो स्वतःशी वाद घालतो. मुंग्या, कोळी, मधमाश्या केव्हाच कामाला लागल्या, मग तुला काय झालं, अशी स्वतःची कानउघाडणी करतो! सम्राटालाही उठायचा कंटाळा येतो, हे कळल्यावर आमचा वर्ग फारच खूश झाला. याच वहीच्या पहिल्या भागात आजोबा, आई, शिक्षक, मित्र, कुणाकडून काय मिळालं त्याची यादी आहे. त्यात पणजोबांचे आभार कशासाठी आहेत? मला शाळेत न घालता घरीच चांगले शिक्षक ठेवले म्हणून! एवढं वाक्य मी वर्गात वाचून दाखवलं नाही.

हे पुस्तक माझ्या हाती आलं ते २०२० साली. करोनामुळे शाळा बंद होत्या. धाकट्या भावाने इंग्रजी भाषांतर आणून दिलं. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका, तत्त्वज्ञान काही शिकलेली नाही. शेजारी शब्दकोश घेऊन रोज एक पान वाचायची. साथीत अडकलेल्या एका माणसाने साथीत अडकलेल्या दुसऱ्या माणसाचं वाचावं, तसं ते वाचन झालं. तेव्हापासून मीही रात्री वही लिहिते. काय लिहिते ते सांगणार नाही. वही खासगी असते!

शाळा सुरू झाल्यावर एकदा मुलांपुढे हा विषय निघाला आणि चौथीच्या वर्गाने आपली ‘दिव्याची वही’ सुरू केली. नाव त्यांनीच ठेवलं. नियम थोडेच. वही घरी ठेवायची, बाई तपासणार नाहीत, गुण नाहीत. पाच ओळींपेक्षा जास्त लिहायचं नाही. आज काय जमलं, कशाला ‘नको’ म्हटलं, उद्या काय करून बघू, एवढंच. आणि एखादी गोष्ट डोक्यातून जातच नसेल, तर पानाच्या मध्ये उभी रेघ मारून दोन रकाने करायचे. डावीकडे ‘हातात’, उजवीकडे ‘हातात नाही’.

ज्यांना वाटलं त्यांनी पुढे आपणहून वाचून दाखवलं. पाऊस, हातात नाही. छत्री, हातात. ताईचा स्वभाव, हातात नाही. ताईच्या गोळ्या, हातात! ‘गणिताचे गुण’ कोणत्या रकान्यात जातात यावर तर दोन दिवस भांडण झालं. शेवटी लगोरीच मदतीला आली. नेम नीट धरणं, हात न हलवणं आपलं काम. चेंडू सुटल्यावर तो खड्ड्यावरून उडाला तर? ओसरीवाल्यांनी हेच धनुर्धराचं उदाहरण देऊन सांगितलंय. नेमबाजाने नेम धरण्यात कसूर करू नये, बाण लागणं ही पुढची गोष्ट.

आता थोडी वेगळी गोष्ट सांगते. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत वही घेऊन माझ्याकडे आली. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. उजव्या रकान्यात, ‘हातात नाही’ या बाजूला, तिने लिहिलं होतं की रस्त्यात मोठी मुलं भावाला चिडवतात.

तिचा भाऊ दुसरीत आहे. बोलताना अडखळतो. शाळेच्या वाटेवर मोठ्या शाळेतली तीन-चार मुलं त्याला अडवून त्याचं नाव विचारायची, आणि तो सांगायला लागला की त्याच्यासारखंच अडखळत ओरडायची. आठवडाभर तो पोट दुखतं म्हणून घरी बसला होता.

“बाई, हे बरोबर बाजूला लिहिलंय ना?” तिने विचारलं.

ती वहीचा नियम पाळत होती. दुसऱ्याचं तोंड आपल्या हातात नाही, हे एपिक्टेटसनेच सांगितलेलं. मुलगी हुशार, तिने बरोबर ते वाक्य त्या रकान्यात टाकलं आणि सहन करायची तयारी केली. नऊ वर्षांची पोर! मला घशाशी काहीतरी अडकल्यासारखं झालं.

मी तिला म्हटलं, “हे वाक्य फार मोठं आहे गं. याचे तुकडे करू या.” आम्ही पायरीवर बसलो. मुलांच्या जिभा, हातात नाही. भावाचं अडखळणं, तेही नाही, आणि त्यात त्याचा काही दोषही नाही. त्याच्या बरोबरीने चालणं? “हातात,” ती म्हणाली. त्याचं नाव त्याच्या आधी आपण सांगून न टाकता तो सांगेपर्यंत थांबणं? तिने जरा विचार केला. “हातात. पण बाई, मला थांबवत नाही.” आणि मोठ्यांना सांगणं? ती गप्प झाली. मग म्हणाली, “ते तर मी आत्ता केलंच.”

केलंच होतं! आणि एकदा सांगितल्यावर ती गोष्ट माझ्या डाव्या रकान्यात आली होती. त्या संध्याकाळी मी तिच्या आईला भेटले, दुसऱ्या दिवशी मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना. पुढचे दोन आठवडे मी आणि आमच्या दोन सहकारी आळीपाळीने त्या मुलांबरोबर नाक्यापर्यंत चालत गेलो.

स्टोइक म्हणजे दगडासारखा, काहीही झालं तरी मुकाट सोसणारा, असं पुष्कळांना वाटतं. मला हे पटत नाही आणि त्या लोकांनाही ते पटलं नसतं. चांगल्या माणसाचे जे चार गुण ते मानायचे, त्यात शहाणपण, धैर्य आणि संयम यांच्याबरोबर न्याय आहे. काही न करता बसून राहणं हाही अन्याय असू शकतो, असं मार्कसने आपल्या वहीत स्वतःला बजावलंय. ‘हातात नाही’ हा रकाना आपण गप्प बसावं म्हणून नाही. पावसावर चिडण्यात जी ताकद वाया जाते, ती छत्री शोधायला उरावी म्हणून तो आहे. मुलांनो, कुणी मारत असेल, धमकावत असेल, नको तसं वागत असेल, तर त्या माणसाचं वागणं उजवीकडे जाईल. पण विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगणं नेहमी डावीकडे. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगणंही डावीकडेच.

ही माणसं काही देव नव्हती, हेही सांगायला हवं. सेनेका अफाट श्रीमंत होता आणि ज्याला त्याने शिकवलं, तो नीरो पुढे क्रूर सम्राट झाला. इ. स. ६५ मध्ये त्यानेच सेनेकाला मरणाचा हुकूम दिला. मार्कसच्या राज्यात गुलामगिरी तशीच राहिली, आणि त्याच्या मागून गादीवर आलेला मुलगा कॉमोडस बापाच्या वहीतलं काहीच शिकला नाही. शिक्षकाच्या आणि बापाच्या हातात किती असतं आणि किती नसतं, याचा मी यावरून पुष्कळ वेळा विचार करते.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. मुलाने अशी वही सुरू केली तर कृपा करून ती चोरून वाचू नका. ‘आज काय काय चुकलं ते लिहिलंस का?’ असंही विचारू नका. मूल मग वहीत आपल्याला हवं तेच लिहायला लागतं. सेनेकाच्या बायकोसारखं वागा. दिवा मालवा आणि पाच मिनिटं बोलू नका, टीव्हीही बंद ठेवा. मात्र मूल आपणहून वही घेऊन जवळ आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून बघा.

त्या रस्त्यावरच्या मुलांचं काय झालं? एक जण आपणहून येऊन त्या छोट्याशी क्रिकेट खेळू लागला. दोघं नुसतेच गप्प झाले. एक अजूनही लांबून ओरडतो, पण मग ही बहीण त्याच्याकडे न बघता भावाबरोबर चालत राहते, आणि संध्याकाळी मला सांगते. छोटा शाळेत येतो. मोठ्याने वाचायला अजून तयार होत नाही. त्याच्या बाई घाई करत नाहीत.

परवा ताईने बातमी आणली, की आता त्यालाही दिव्याची वही हवी आहे. लिहायचा त्याला कंटाळा, म्हणून तो चित्रं काढतो. तिने मला एक पान दाखवलं, अर्थात त्याला विचारून. मधोमध वाकडी रेघ. डाव्या बाजूला एक रस्ता, हात धरलेली दोन मुलं आणि एक काळं कुत्रं. उजवी बाजू पूर्ण कोरी.

“या बाजूला काहीच नाही?” मी विचारलं.

“काढणार होता बाई,” ती म्हणाली, “पण त्याला झोप आली.”